अंगणात पोल, भिंतीपलीकडे डीपी. झाडं कुठं लावू?

मांजराकाठ | १२ मे, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी.

लातूरला औसा रोडच्या पुढं नव्या वसाहतीत आमचं घर झालं. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत उरकली. प्लॉट चाळीस बाय साठ. घर मागं सरकवून पुढं मुद्दाम जागा सोडली, कारण आई गाव सोडून यायला तयार नव्हती आणि आली तेव्हा तुळशीबरोबर अर्धं परस घेऊनच आली.

आता अडचण बघा. पुढच्या कोपऱ्यात, आमच्या कुंपणाच्या आतच, विजेचा सिमेंटचा पोल आहे. त्याची ताणाची तार तिरकी येऊन बरोबर बागेच्या मधोमध जमिनीत गेलीय. पश्चिमेची भिंत ओलांडली की मोकळ्या जागेत डीपी (ट्रान्सफॉर्मर), भिंतीपासून चारपाच फूट. आणि पोलपासून मीटरपर्यंत केबल जमिनीतून आणलीय, पण कुठून ते कुणालाच सांगता येत नाही. गवंडी दुसऱ्या कामावर गेला, वायरमन फोन उचलत नाही.

माझ्या डोक्यातला बेत असा: पोलवर मधुमालती चढवायची, ताणावर बोगनवेल. डीपी दिसू नये म्हणून भिंतीच्या कडेनं अशोकाची रांग. पोलच्या जरा अलीकडं एक केशर आंबा. मृगाचा पाऊस पडायच्या आत खड्डे घ्यायचेत. सरसकट "नको" म्हणू नका, काय चालेल तेही सांगा.

---

चिंचेखाली | १२ मे, १०:०५

कोपरा ईशान्येचा असेल तर वास्तुवाले म्हणतील घरात कायम ऊर्जा राहणार. पोल काढूच नका.

---

जुना लाइनमन | १२ मे, दुपारी १:३०

मांजराकाठ भाऊ, नांदेड जिल्ह्यात ३१ वर्षं खांबावर काढली, आता रिटायर आहे. तुमच्या बेतातल्या चारपैकी चारही गोष्टी चुकल्यात. राग मानू नका, नव्या घरात समदे हेच करायलेत.

आधी ताण. ही तार शोभेची नाही. लाइन जिथं वळते किंवा संपते तिथं तारा पोलला एका बाजूला ओढत्यात, ताण उलट्या बाजूनं धरून ठेवतो. खाली छातीइतक्या खोलीवर लोखंडी प्लेट आणि काँक्रीट असतं. तिथं आळं करून रोज पाणी दिलं तर लातूरची काळी माती काय करते तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. ताण ढिला पडला की पोल कलतो, पोल कलला की तारा झोळ टाकतात. वाऱ्यात त्या एकमेकींना भिडल्या की ठिणग्या.

दुसरं, ताणाच्या मध्यावर चिनी मातीचं अंड्यासारखं एक बसवलेलं दिसेल. आम्ही अंडंच म्हणायचो. वर एखादी तार तुटून ताणाला लागली तर करंट अंड्याच्या खाली येऊ नये म्हणून ते असतं. बोगनवेल ताणावर चढली की ती अंडं ओलांडून वर जाते. ओली वेल म्हणजे करंटाला पूल. ज्यानं माणूस वाचायचा त्यालाच तुम्ही बाजूला करून टाकलं. शेळ्या-वासरं ताणाला बांधायची सवय गावाकडं आहे, पावसाळ्यात त्यातली किती गेली मी डोळ्यानं पाहिलंय.

पोलवरच्या वेलाचं मी माझ्या हातानं भोगलंय. पावसाळी रात्र, लाइट गेलेली, एका वाड्यापुढच्या पोलवर गुळवेल पार शेंड्यापर्यंत. मालकाला तिचा काढा लागायचा. मी पट्टा बांधून वीसेक फूट चढलो आणि हात गेला तो थेट गांधीलमाशांच्या पोळ्यात. पट्टा सोडता येईना, हात सोडता येईना. तोंड सुजून आठ दिवस डोळा उघडला नाही. खाली मालक म्हणतोय, जपून, वेल तुटंल!

पोलभोवती निदान चार हात जागा मोकळी ठेवा. शिडी लावायला जागा पाहिजे, चढणाऱ्याला पोल दिसला पाहिजे. डीपीचं नंतर लिहितो, आता नातवाला शाळेतून आणायचंय.

---

रोपवाटिका परभणी | १२ मे, दुपारी ३:१५

काकांना दंडवत. मी झाडांपुरतं बोलते.

गिऱ्हाईक येतं, दोन फुटांचं रोप बघतं आणि त्या दोन फुटांना जागा आहे का एवढंच बघतं. आंबा मोकळा वाढला तर पंचवीस-तीस फूट सहज जातो. घरगुती लाइनच्या तारा जमिनीपासून अठरा-वीस फुटांवर. म्हणजे हा केशर आठव्या-नवव्या वर्षी, बरोबर धरायला लागला की, तारेत शिरणार आणि तुम्ही त्याचा शेंडा कापत बसणार. घन लागवडीत केशर दरवर्षी छाटून आठदहा फुटांत ठेवतात हे खरं, पण ते शेतकरी करतो. घरचा माणूस दोन वर्षं करतो, तिसऱ्या वर्षी मोहोर बघून त्याला कात्री चालवायचा धीर होत नाही. आणि आंबे उतरवायचे म्हटलं की लोखंडी पाइपला झेला बांधून कुणीतरी गच्चीवर उभं राहतंच.

माझा ठोकताळा असा की झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच, तारेपासून आडव्या अंतरावर तेवढं तरी लांब लावा. म्हणजे उद्या वादळात उन्मळलं तरी तारेवर पडणार नाही. आपल्याकडं एप्रिल-मेचं वादळवारं पावसापेक्षा जास्त झाडं पाडतं.

नाव घेऊन सांगायचं तर लाइनजवळ गुलमोहर नको, ऐन फुलावर असताना त्याची फांदी कडकन मोडते. शेवगा नको. वर्षात दहा-बारा फूट जातो आणि लाकूड मुळ्यासारखं ठिसूळ. नारळ तर अजिबात नको, त्याला छाटायची सोयच नाही, शेंडा कापला की झाड मेलं. बांबू शांत हवेत तारेपासून लांब दिसतो, वाऱ्यात वाकून पोचतो. तो रांगेतला उंच अशोक तीस-चाळीस फूट सरळ जातो, आणि तुम्ही तो डीपीच्या भिंतीला लावताय.

तारेखाली बिनधास्त लावा अशी झाडं: डाळिंब, कढीपत्ता, जास्वंद, तगर, मोगरा, अबोली. कागदी लिंबू छाटून ठेवणार असाल तर. पारिजातक जरा उंच होतो पण वाकवून, छाटून राहतो. सीताफळ चालेल, मात्र तारेच्या अगदी खाली नको.

---

मांजराकाठ | १२ मे, संध्याकाळी ६:५०

वाचून जरा हबकलोच. ताणाचं आणि पोलचं कळलं. पण एक गोष्ट कबूल करतो. आईनं परवाच पोलपासून खिडकीच्या गजापर्यंत जीआयची, म्हणजे लोखंडी, तार बांधलीय, कपडे वाळत घालायला. मला वाटलं पोल सिमेंटचा आहे, काय व्हायचंय?

---

बीडची लेक | १२ मे, संध्याकाळी ७:०२

दादा, हे वाचताय ना, तर आधी उठा आणि आईंना त्या तारेला हात लावू नका म्हणून सांगा. तुम्हीपण सोडायला जाऊ नका. पोलवरचं टोक लाइनमनलाच सोडू द्या. बाकी धागा नंतर.

आमच्या आत्याच्या घरी झालेलं सांगते. पोल नव्हता, पत्रा होता. पोलवरून येणारी सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला घासून घासून सोललेली. उन्हाळाभर काही झालं नाही. जूनच्या पहिल्या पावसात पत्रा भिजला, पत्र्याच्या अँगलला बांधलेली कपड्यांची तार, तारेवर ओलं लुगडं. आत्यानं लुगडं ओढलं आणि मागं फेकली गेली. उलट्या बाजूला पडली म्हणून वाचली, तारेला चिकटली असती तर संपलं होतं. घरातलं एकही बटण पडलं नाही, पोलवरचा फ्यूज गेला नाही. दिवसभर तो पत्रा तसाच करंट घेऊन उभा होता आणि आम्ही लेकरं त्याच्याखाली बसून वरण-फळं खाल्ली होती.

---

जालना इलेक्ट्रिक | १२ मे, रात्री ९:२०

बीडची लेक यांनी लिहिलेला मुद्दा फार थोड्या लोकांना पटतो. फ्यूज जातो तो जास्त करंट वाहिला तर. ओल्या फांदीतून, कपड्यातून किंवा माणसातून जमिनीत जाणारा करंट त्या मानानं किरकोळ असतो. फ्यूजला तो कळतच नाही, माणूस मात्र मरतो. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा, तो गळती ओळखून तोडतो. पण तो मीटरच्या पुढच्या वायरिंगला वाचवतो. पोल, ताण, सर्व्हिस वायर हे त्याच्या अलीकडचं, तिथं तुमचा आरसीसीबी बघ्या.

आणि सिमेंटच्या पोलचं. त्याच्या आत लोखंडी सळ्या असतात, वर लोखंडी क्रॉस आर्म (तारा धरणारा आडवा दांडा), आणि बऱ्याचदा अंगावरून खाली आलेली अर्थिंगची तार. पावसात सिमेंटही ओलं होतं.

आता तुमच्या हरवलेल्या केबलविषयी. भारतीय मानक १२५५ प्रमाणं घरगुती दाबाची केबल निदान पाऊण मीटर खोल, ११ केव्हीची (११ हजार व्होल्ट) ०.९ मीटर आणि ३३ केव्हीची १.०५ मीटर. वर वाळू, त्यावर विटा किंवा फरशी. हे कागदावर. प्रत्यक्षात मुरूम लागला की खोदणारा कंटाळतो, मी फूटभर खाली केबल सापडलेली घरं पाहिलीत. म्हणून खोलीवर विसंबू नका. पोलच्या पायथ्याशी आणि मीटरपेटीखाली केबल ज्या पाइपातून जमिनीत जाते ती दोन टोकं बघा. सरळ रेघ मारा, पण केबल सरळच असेल असं धरू नका. मध्ये पाण्याची टाकी किंवा शोषखड्डा असेल तर ती वळसा घालून गेलेली असणार. रेघेच्या दोन्ही बाजूंना तीनतीन फूट चुन्यानं आखा आणि त्या पट्ट्यात झाड नको, खड्डा नको. हिरवळ, मोगरा, कुंड्या चालतील. माहीतगार माणसाकडं केबल शोधायचं यंत्र असतं, त्याला तासभर बोलावणं परवडतं.

खोदताना सब्बल आणि कुदळ हमखास घात करतात. मुळात शंका असेल तिथं लाइनमनकडून पोलवरून पुरवठा बंद करून घ्या. आणि नीट वाचा: घरातला मेन स्विच बंद केला तरी ही केबल जिवंतच असते, कारण ती मीटरच्या आधीची आहे. हे न कळल्यानं "मेन पाडलाय ना, हाण बिनघोर" म्हणणारे भेटतात. मातीत वाळू किंवा आडव्या विटा लागल्या की थांबायचं. विटा कुणी उगाच पुरत नाही.

जेसीबी तर बोलवूच नका. हल्ली फुटकळ कामालाही जेसीबी आणायची फॅशन झालीय.

---

पाटोदेकर | १३ मे, सकाळी ८:१०

माफ करा, पण पोल माझ्या प्लॉटात, जमीन माझी, घरपट्टी माझी, मग एवढे नियम मी कामून पाळू? सरळ पोल हलवायला लावा.

---

जालना इलेक्ट्रिक | १३ मे, सकाळी ९:३०

हलवता येतो, पण खर्च बहुधा तुमच्या खिशातून. अर्ज द्यायचा, पाहणी होते, अंदाजपत्रक येतं. परवानाधारक ठेकेदाराकडून काम करून घेऊन महावितरणला १.३ टक्के देखरेख शुल्क भरायची पद्धत आहे. परस्पर गावातला माणूस धरून पोल "जरासा सरकवून" घेतला तर पुढं काही झाल्यावर सगळं तुमच्या अंगावर.

झाडांबाबत वीज कायदा २००३, कलम ६८. लाइनला अडथळा करणारं झाड कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या आदेशानं काढता येतं. लाइन ओढायच्या आधीपासून ते झाड तिथं असेल तर मालकाला भरपाईची तरतूद आहे. नंतर लावलेल्याला नाही. म्हणजे तुमचा आंबा आता लावला तर तो आयुष्यभर पाहुणाच. आणि शहराच्या हद्दीत मोठं झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. आधी लावून मग दोन्हीकडं अर्ज करत फिरण्यापेक्षा आत्ताच रोप दहा फूट सरकवणं स्वस्त.

---

पाटोदेकर | १३ मे, सकाळी १०:००

कायदा पटला. पण छाटणीचं काय बोलता? आमच्या दारातला तीस वर्षांचा कडुनिंब. मे महिन्यात ठेकेदाराची माणसं आली, पंधरा मिनिटांत एका अंगानं पार बोडका करून गेली. फांद्या रस्त्यात तशाच. झाड आता एका बाजूला झुकलंय, दोन उन्हाळे झाले दारात सावली नाही. पोल वाचला म्हणे.

---

रोपवाटिका परभणी | १३ मे, सकाळी ११:४५

पाटोदेकर, तुमचं दुखणं खरं आहे. मध्येच ठूठ ठेवून तोडलेल्या फांदीतून झाडूसारखे फुटवे येतात, ते पहिल्या फांदीपेक्षा वेगानं वाढतात आणि खोडाला धड चिकटलेले नसतात. म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा तारेत, आणि वादळात मोडायला तयार. फांदी तिच्या बेचक्यापाशी, मूळ फांदीच्या कडेनं घ्यायची असते.

आम्ही एका वसाहतीत असं जमवलं. मान्सूनपूर्व कामासाठी लाइट कधी बंद राहणार ते आधी कळतं. त्या दिवशी आमचा माळी करवत घेऊन हजर. लाइनमननं पुरवठा बंद केल्याची, तारा अर्थिंगला जोडल्याची खात्री दिली, मगच माळी चढला आणि त्यानं दाखवलेली फांदी नीट कापली. लाइनमन खाली उभा. सगळ्यांचं काम हलकं झालं. पण "लाइट गेलीय" एवढ्यावर कुणी फांदीला हात लावू नका. गेलेली लाइट न विचारता येते, आणि कुणाच्या घरचा इन्व्हर्टर किंवा जनरेटर उलटा करंट सोडतो तो वेगळाच.

---

जुना लाइनमन | १३ मे, दुपारी २:१०

शेवटचं वाक्य सोन्याचं. आमचे दोन जोडीदार जनरेटरच्या उलट्या करंटानं गेले.

आता डीपी. तिथं ११ हजार व्होल्ट येतात आणि खाली ४३३ होऊन तुमच्याकडं निघतात. घरच्या तारेला शिवलं तर झटका. ११ हजारला शिवायची वाट बघावी लागत नाही, ओली फांदी जवळ गेली तरी ते उडी मारतं. भिंतीला अशोक लावला म्हणजे तुम्ही खारींना जिना करून दिला. खार, सरडा, साप बुशिंगवर (तार डीपीत शिरते तिथल्या चिनी मातीच्या नळीवर) गेला की धाडकन फ्यूज जातो, वसाहत अंधारात आणि शिव्या आम्हाला.

फ्यूज उडतो तेव्हा तापलेल्या धातूचे थेंब खाली पडतात. डीपीच्या टाकीत तेल असतं, ते जळणारं. खाली वाळलेलं गवत आणि पानांचा खच असला तर? ठिणगीनं उभा ऊस पेटल्याचं तुम्ही वाचता, तेच अंगणात. म्हणून डीपीच्या बाजूची भिंत मोकळी ठेवा, पालापाचोळा तिथं टाकू नका, पेटवू तर नकाच. पाइपनं पाणी उडवून तिकडची झाडं भिजवू नका. लेकरांचा चेंडू डीपीच्या जाळीत गेला तर चेंडू गेला म्हणायचं, नवा आणायचा.

आणि डीपीतून उन्हाळ्यात गुणगुण वाढली, तेल गळालेलं दिसलं, तर १९१२ ला फोन. रस्त्यावर तार तुटून पडलेली दिसली तरी तेच. तीस-पस्तीस फूट लांब राहा. चुकून जवळ असाल तर लांब ढांगा टाकू नका, पाय जुळवून, न उचलता घासत मागं सरका. जमिनीतही करंट पसरलेला असतो, दोन पायांतलं अंतर वाढलं की तो अंगातून जातो. जनावरांचे पाय लांब, म्हणून ती आधी मरतात.

---

गोदेची सून | १३ मे, रात्री ११:५०

माहेर पैठण, सध्या टेक्सासमध्ये. आमच्या इथं तारा जमिनीखालून आणि डीपीच्या जागी अंगणात हिरवी पेटी. मीही आल्याआल्या तिच्याभोवती झुडपं लावली होती. पेटीवरच पाटी होती, दाराच्या बाजूला दहा फूट, बाकी बाजूंना तीन फूट मोकळं ठेवा. कर्मचारी लांब काठीनं काम करतो, त्याला उभं राहायला जागा लागते. माझी तीन झुडपं एक दिवस कापलेली दिसली, नुकसानभरपाई शून्य. खड्डा घ्यायच्या आधी इथं ८११ ला फोन करतात, मग माणूस येऊन केबलवर लाल रंगाच्या खुणा मारून जातो. पेटी जमिनीवर असो की डीपी खांबावर, काम करणाऱ्याची जागा खाऊ नये, एवढं सारखं.

---

बीडची लेक | १४ मे, सकाळी ७:३०

डीपी झाकायचीच असेल तर ती डीपीजवळ कशाला झाकता? तुमच्या डोळ्याजवळ झाका. तुम्ही संध्याकाळी जिथं खुर्ची टाकून बसता तिथून चारपाच फुटांवर सहा फुटांची लाकडी जाळी उभी करा, तिच्यावर मधुमालती. बसलेल्या माणसाला डीपी दिसणार नाही आणि भिंत मोकळी राहील.

---

मांजराकाठ | १४ मे, सकाळी ८:१५

ही भारी कल्पना आहे. जाळीऐवजी वर मांडव केला तर? पोलवरची लाइन त्या बाजूनं थोडी गच्चीजवळून जाते.

---

जालना इलेक्ट्रिक | १४ मे, सकाळी ९:००

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमावलीत, आधी २०१० ची होती, आता २०२३ ची, अंतरं दिलीत. घरगुती दाबाची उघडी तार सपाट छतापासून वर निदान २.५ मीटर आणि बाजूनं १.२ मीटर. ११ केव्ही असेल तर वर ३.७ मीटर, बाजूनं १.२. मांडव म्हणजे त्यावर कधीतरी माणूस चढणार, वेल बांधायला. त्या माणसाच्या डोक्यापासून मोजा, मांडवाच्या बांबूपासून नव्हे. वेलसुद्धा वर जाते. मला विचाराल तर जाळीच करा.

बागेतले दिवे १२ व्होल्टचे घ्या. आणि अर्थिंगचा खड्डा शोधा. नव्या घरात पेव्हर ब्लॉक टाकताना तो हमखास बुजवतात. आपल्याकडं एप्रिलमध्ये माती भेगाळली की अर्थिंग नावालाच उरतं. आठवड्याला दोन बादल्या पाणी तिथं गेलं पाहिजे. मात्र मोगरा लावू नका, आत मीठ-कोळसा असतो, झाड जळेल.

---

मांजराकाठ | ४ जून, संध्याकाळी ५:४०

उशिरा आलो, फोटो टाकलेत.

कपड्यांच्या तारेचं टोक लाइनमननं येऊन सोडलं. आता नायलॉनची दोरी, दोन वेगळ्या लाकडी खांबांवर. आईला पटवायला दोन दिवस गेले. "गावाकडं चाळीस वर्षं तारेवरच वाळवले" हे सहा वेळा ऐकलं.

केबलचं सांगतो. यंत्रवाला माणूस आणला. केबल सरळ नव्हती, टाकीला वळसा घालून आलेली. त्यानं एका ठिकाणी हातानं माती उकरून दाखवली, जेमतेम सव्वा फुटावर. विटा नाहीत, वाळू नाही. आणि ती जागा म्हणजे मी आंब्याच्या खड्ड्यासाठी खुंटी ठोकून ठेवली होती तिच्यापासून वीतभर. खुंटी दीड फुटाची होती. रात्री झोप आली नाही.

आंबा रद्द. लिंबू आणि डाळिंब लावलंय. बोगनवेल ताणापासून सात फुटांवर अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये. ताणाला लोक अडखळू नयेत म्हणून लाइनमनच्या हातूनच पिवळा पाइप घालून घेतला. जाळी उभी राहिली, मधुमालती गुडघ्याएवढी झालीय.

---

जुना लाइनमन | ४ जून, रात्री ८:०५

पाइप बरोबर आहे, माणसाच्या उंचीपर्यंतच ठेवला ते चांगलं केलं.

तिसऱ्या फोटोत मीटरपेटीच्या खालच्या पाइपला धरून एक कृष्णकमळाची वेल वर निघालेली दिसते. ती कुणी लावली?

---

मांजराकाठ | ४ जून, रात्री ८:२०

आईनं.